चुकीचं सांगणारे भानुकाका

भानुकाका हॉटेलात शिरले की चहा सांगायच्या आधी काहीतरी धडधडीत चुकीचं सांगत. "ऐकलं का, सोसायटीची निवडणूक बिनविरोध झाली म्हने!" लगेच कोपऱ्यातून कोणीतरी उसळे, "कोन म्हनलं? डोकी फुटली की तितं!" मग कोणाची फुटली, कोणी फोडली, सगळं चहा येईपर्यंत बाहेर पडलेलं असे. काका भोळा चेहरा करून बशीत चहा ओतत. जिल्ह्याच्या एका दैनिकाचे ते पाटोद्याचे वार्ताहर, आणि बातमी काढायची ही त्यांची रीत. "आपल्या मानसाला इचारलं की त्यो म्हनतो, मला काय ठाव न्हाई. पन चुकीचं सांगा, त्याला दम निघत न्हाई," असं ते म्हणत.

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले ते दुष्काळात, माझे वडील गेले तेव्हा. वडील एका सहकारी सोसायटीच्या चारा छावणीवर राखणदार होते. पहाटे ते फाटकापाशी ट्रॅक्टरखाली सापडले. दारू पिऊन वाटेत झोपला होता, असं सोसायटीवाल्यांनी सांगून टाकलं. वडिलांनी उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. पण सगळ्या गावाची गुरं त्या छावणीत होती, त्यामुळे गाव गप्प बसलं. नवरा गेल्याचं दुःख आई गिळत होती. दारुड्याची बायको हे मात्र तिला गिळवेना.

छावणीतला चारा चोरून बाहेर जातो, असा काकांना संशय होता. त्यांनी बातमी लिहिली; ती छापलीच नाही. सोसायटीच्या जाहिराती त्याच दैनिकात असत. "पुरावा न्हाई म्हनत्यात. जाहिरात हाय, असं म्हनत न्हाईत," एवढं बोलून काकांनी नोकरी सोडली आणि घरी बसून खुनाच्या कादंबऱ्या लिहायला घेतल्या. एसटी स्टँडवर त्या बऱ्या खपत. मुखपृष्ठावर रक्ताळलेला चाकू, आत मात्र चाकूनं कोणी मरतच नसे. मी हसले की म्हणत, "चाकू न्हाई तर गिऱ्हाईक न्हाई, पोरी."

काही वर्षांनी त्यांची छावणीवरची कादंबरी आली. नावं बदललेली, पण कोण कोण ते गावातलं शेंबडं पोरही ओळखेल. त्यात राखणदार दारू पिऊन पडला होता. मी आईला वाचून दाखवत होते, ती मध्येच उठून गेली. नंतर काका आले तेव्हा तिनं त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं. मलाही त्यांचा संताप आला होता.

पुस्तक गावात हातोहात फिरलं. सलूनमध्ये एकजण ते मोठ्यानं वाचत होता आणि खुर्चीत खंडूमामा दाढीला बसले होते. गुरं राखणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. राखणदाराचं पान आलं तसे ते फेसासकट उभे राहिले. "खोटं लिव्हलंय! शुद्धीत व्हता त्यो. मी बगितलंय. चाऱ्याचा ट्रॅक्टर बाहेर चालला व्हता, त्यो आडवा हुबा ऱ्हायला!"

"मग इतके दिस का गप बसला रं?" कोणीतरी विचारलं.

"माजी गुरं व्हती छावनीत. हाकलली असती तर नेऊ कुटं?"

तसेच ते आमच्या अंगणात आले. एका गालावर फेस वाळलेला, मागे अर्धं गाव. आईसमोर हात जोडून त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं. खटला काही उभा राहिला नाही. पण त्या दिवसापासून गावात माझ्या वडिलांचं नाव माणसं मान वर करून घेतात.

मी धावत काकांकडे गेले. "तुम्हाला माहीत होतं, कोणी पाहिलंय ते?"

"माहीत कुटलं? वाटत व्हतं. बातमीत खोटं लिव्हता येत न्हाई, कादंबरीत येतं." मग ते हळूच म्हणाले, "पन तुज्या आईनं दार लावलं तवा लई भ्यालो, पोरी. कुनी बोललंच नसतं तर तुज्या बापाला मीच कायमचा दारुडा करून ठिवला असता."

पुढच्या आवृत्तीत त्यांनी राखणदार शुद्धीत ठेवला. मी आज कुठेही वडिलांचं नाव अभिमानानं सांगते, ते या माणसाच्या उपकारामुळे.

पुढे काही वर्षांनी काका वारले. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांचं वर्षश्राद्ध झाल्यावरच्या पितृपंधरवड्यात वडिलांचं पान वाढायला बसले, तर आईनं शेजारी आणखी एक पान मांडलेलं. मी वडिलांच्या पानाकडे वळले, तसा तिनं माझा हात धरला.

"आदी भानुभावजींना वाढ," ती म्हणाली. "त्येंना मी दारातून माघारी धाडलं व्हतं."