दातात धरलेलं गेज

साखरेच्या डॉक्टरनं बोटाला टाचणी टोचून विचारलं, "कळतंय का?" मी म्हणालो, "व्हय." टाचणी दिसत होती, म्हणून म्हणालो.

लातुरात माझं गॅरेज आहे. शाळा चौथीपर्यंत. पण टॅपेट सेट करावं तर मीच, हे मी अजून म्हणतो. इंजिन थंड असताना वरचं झाकण काढायचं. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यात बारीक फट लागते. त्यात गेजची, म्हणजे फट मोजायची, पातळ पत्ती घालून ओढायची. अडखळत निघाली की बरोबर. सैल राहिली तर इंजिन टकटक करतं, आवळली तर व्हॉल्व्ह जळतो. बाकी सगळं पाना-पेचकसानं होतं, ती ओढ मात्र बोटालाच कळते.

चाकूरचा एक जीपवाला नेहमीचा. त्याला वऱ्हाड घेऊन उमरीला जायचं होतं. माझ्या हाताखाली शिकणारा माझा मुलगा म्हणाला, "बापू, मी करू का?"

"तुझा हात कच्चा हाय अजून."

मी पत्ती घातली, ओढली. काहीच कळेना. अडकली की निसटली, ते डोळ्यानं बघावं लागलं. मग मी वाकलो आणि गेज दातात धरून ओढलं. दाताला कळलं.

जीपवाला म्हणाला, "मामा, गेज खायलाव का? मामीनं जेवू घातलं न्हाई?"

"गप बस. तुझ्या इंजिनाचं तेल तुझ्या नाक्यावरच्या चहापेक्षा बरं लागतंय."

आठही व्हॉल्व्ह तसेच केले. झाकण बसवलं, जीप चालू केली. आवाज एकसारखा. मी हात टेकवून बराच वेळ ऐकत उभा राहिलो. जीपवाला खूश झाला. तेवढ्यात वास आला. मुलानं माझा हात खसकन ओढला. धुराच्या तापल्या नळ्यावर टेकला होता. तळव्यावर कातडं पांढरं पडलेलं. मी बघत राहिलो. दुसऱ्याच कुणाचा हात असावा तसा.

"बापू!" एवढंच म्हणाला पोरगा. जीपवाला हसला नाही.

हाताला पट्टी होती तोवर दुसरी जीप आली. मी गेज मुलाच्या हातात दिलं आणि स्टुलावर बसलो. त्यानं पत्ती घातली आणि मला हाक मारली.

"जरा ओढून बघता का? बरोबर हाय का?"

मी डाव्या हातानं ओढली. उजव्याचंच भावंड ते.

"मला काय इचारतो? तुझा हात काय म्हणतो?"

"अडकतंय. पण जातंय."

"मग आवळ नट."

त्यानं नट आवळला. आवळताना फट बदलते, म्हणून परत एकदा ओढून बघावं लागतं. मी सांगायला तोंड उघडलं, तर त्यानं पत्ती परत घातलेलीच होती.