डीटरच्या रेडला जमेल असं काहीतरी

२०२४ चा डिसेंबर. सिंगापुरात रोज दुपारी पाऊस. बुओना व्हिस्टाला मुलाच्या कॉन्डोत ओल्या फरशीवर मी घसरलो. समोरच्या फ्लॅटमधल्या डीटरने मला उचललं, पॉलीक्लिनिकला नेलं, चार तास शेजारी बसला. मी सातवी शिकलेला, तुआसच्या जहाजांच्या यार्डात तीस वर्षं फिटर. कुणाचे उपकार अंगावर ठेवले नाहीत. पुढे जे झालं त्याचे किस्से इतके साठले, की सूनबाई म्हणते, "बाबा, आता लिहूनच काढा."

डीटर साठीचा जर्मन, एकटा. मी विचारलं, "तुला काय देऊ?"

"माझ्या गावची रेड वाइन आहे माझ्याकडे. कोरडी, गोडवा अजिबात नाही. तिला जमेल असं काहीतरी खायला द्या."

मला वाटलं, एका डब्यात काम होईल.

*

पहिला डबा मिसळीचा. केली सूनबाईने, केतकीने. पुण्याची ती, हात सैल सोडला. डीटर एक घास खायचा, वर एक घोट घ्यायचा, आणि आणखी लाल व्हायचा.

"वाइनने तिखट विझत नाही," तो म्हणाला, "पेटतं."

डबा परत आला तो चीज भरून. आपल्यात डबा रिकामा परत करत नाहीत, हे केतकीनेच त्याला शिकवलेलं.

मी म्हणालो, "सूनबाई, तू माझ्या बाजूची की त्याच्या?"

*

दुसरा डबा तळलेल्या सुरमईचा. हा माझा हट्ट. डीटरने मलाही घोटभर दिली. माशावर ती रेड घेतली आणि तोंडात खिळा धरल्यासारखं लागलं. यार्डात जन्मभर खिळे दातांत धरले. चव ओळखतो.

"लोखंड," मी म्हणालो.

"बरोबर. माशाला पांढरी लागते."

या वेळी डब्यातून काळा जर्मन पाव आला. मी त्याला बजावलं, "डबा भरून येतोय, तोवर माझं फिटत नाही."

*

एका शनिवारी मुलगा थाटात वाइन पितळी तांब्यात ओतायला निघाला. मी हात धरला.

"कल्हई कुठे आहे? आंबट ते कळकेल."

कळकणं इंग्रजीत कसं सांगायचं, एम.टेक. झालेल्या मुलाला येईना. मी तांब्यात लिंबू पिळून ठेवलं आणि थोड्या वेळाने डीटरला हुंगायला दिलं. त्याने बाटली उचलून छातीशी धरली.

*

नात म्हणाली, "आजोबा, जस्ट बाय डक राइस लाह."

हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या ठेल्यावरून भाजलेलं बदक आणलं. वाइन वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवलेली. डीटर डोळे मिटून खात राहिला.

"फिटलं, बाबा," मुलगा म्हणाला.

"हॉकरवाल्याने फेडलं. मी नाही."

*

मार्चमध्ये डीटर कायमचा गावी निघाला. तीन दिवस उरले. मी जन्मात गॅसपाशी उभा राहिलो नव्हतो. काळे वाटाणे भिजत घातले. कांदा-खोबरं काळपट होईतो भाजलं. मिरची एकच, बाकी मिरी.

केतकी म्हणाली, "बाबा, मी करते ना."

"पॉलीक्लिनिकला त्याने तुला नेलं होतं का?"

पहिलं वाटप करपलं. दुसरं जमलं. डबा त्याच्या हातात दिला आणि परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा आमच्या दाराशी होता. उचलला, हलका लागला. आत काही नव्हतं. पाण्याने धुतलेला नव्हता, पावाने पुसलेला होता.

फिटलं.