दुसऱ्या सीडीवरची विभूती

लॅपटॉपात मोठी हार्डडिस्क अन् दुप्पट रॅम घालून घेतली, तवा बिदरचा दुकानदार मलाच शहाणपण शिकवायला लागला. "अक्का, कोऱ्या डिस्कवर कंपनीची जुनी सिस्टीम कामून चढवायलात? आमच्याकडची घाला. सगळे हेच घालायलेत." आमच्याकडची म्हणजे चोरून उतरवलेली. माझ्या लॅपटॉपच्या पाठीवर अस्सलपणाचा शिक्का होता. वर शिक्का खरा अन् आत माल खोटा, हे आपल्याला जमणार न्हाई. "सगळे घालायलेत तर घालू द्या," म्हणले अन् दुबलगुंडीला, घरी परतले.

घरी अप्पांची वेगळीच घाई. माझा धंदा लग्नपत्रिकांचा. आमच्याकडं पत्रिका एका बाजूला मराठी, एका बाजूला कन्नड लागती. दोन्ही बाजू मीच करायची. पण मशीन रडत रडत चालायचं, अन् अप्पांना सगळा पोरखेळ वाटायचा. त्यांनी बिदरजवळच्या कोळारच्या एका गोदामात माझ्यासाठी पॅकिंगचं काम बघून ठेवलं होतं. "सोमवारी गोदामाची गाडी येतीया. तवर तुझं डबडं चाललं तर चाललं, न्हाई तर गुमान गाडीत बसायचं."

पॅकिंगला मी नाक मुरडत न्हवते. पण हातचं काम सोडून दुसऱ्याचे खोके मी का बांधू?

रविवारी ठाण मांडून बसले. मूळ सिस्टीमच्या सीडी मी लॅपटॉप नवा असतानाच काढून ठेवल्या होत्या, अन् अव्वानं, माझ्या आईनं, त्या देव्हाऱ्यात जपल्या होत्या. पहिली बिनबोभाट गेली. दुसरीला घरघर लागली अन् पडद्यावरची पट्टी अर्ध्यात थांबली. सीडी काढून उलटी केली, तर चमकणाऱ्या बाजूवर विभूतीचे तीन पट्टे! ओल्या बोटांनी ओढलेले, वाळून घट्ट बसलेले.

"अव्वा, हे काय करून ठेवलंस?"

"दसऱ्याला समद्या हत्यारांना लावली की. विळ्याला, तराजूला, शिलाई मशीनला. तुझ्याच हत्याराला कामून न्हाई?"

"मग ह्याच बाजूला कामून?"

"पाठीला लावू व्हय? चमकतं तेच तोंड!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यात अप्पा बाजेवरून म्हणाले, "झालं की मग. उद्या डबा बांध."

"काही झालं न्हाई, अप्पा!"

अव्वा पदरानं खसाखसा घासायला निघाली, तशी तिच्या हातातून सीडी काढून घेतली. राखेनं ओरखडे पडले असते. आधी पाणी सोडून विभूती भिजू दिली, मग जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यानं मधून कडेला हलक्या हातानं पुसत गेले. सीडी वाळवली अन् पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पट्टी अर्ध्यावर आली तशी अव्वानं डोळे मिटले. मी न्हाई मिटले. थांबून तर बघ, म्हणले त्या पट्टीला मनातल्या मनात.

पट्टी पुढं सरकली. दिवस मावळायच्या आत सिस्टीम चढली, तीसुद्धा मूळचीच.

सोमवारी सकाळी दारात हॉर्न वाजला. मी एका लग्नाची पत्रिका मांडत बसले होते. पान चुटकीसरशी उघडायलं होतं. अप्पा एकदा माझ्याकडं, एकदा गाडीकडं बघायले.

"त्यांला सांगा, पोरगी कामाला लागलीया," मी म्हणले.

अप्पांनी दारात जाऊन पुटपुटल्यागत सांगितलं.

"जरा जोरात, अप्पा," मी आतून ओरडले. "गाडीत मागं बसलेल्यांनाबी ऐकू जाऊ द्या."