किल्लीवाल्याचा तंबू

माझा धाकटा भाऊ म्हणजे कुलपांचा डॉक्टर. कुणी दाराबाहेर अडकलं की पहिला फोन त्याला. दुकानदाराची तिजोरी असो की म्हाताऱ्या बाईची ट्रंक, पठ्ठ्या कान लावतो, तार फिरवतो आणि उघडून मोकळा. सगळे त्याला किल्लीवाला म्हणतात, आणि तो रस्त्यानं जरा तरंगतच चालतो.

ह्याच गृहस्थाच्या बायकोकडे स्वतःच्या घराची किल्ली नव्हती. हसू नका, ऐका.

त्याची पोरगी दोन वर्षांची. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी ठरतच नाही. थंडीत एकदा दार नुसतं लोटलेलं राहिलं, तर बाईसाहेब जिना उतरून थेट रस्त्यावर. ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक दाबला म्हणून वाचली. भावानं ते समोरच्या फुटपाथवरून पाहिलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, ह्यानं तर फ्रिजलासुद्धा कडी लावली. घराच्या दाराला आतून-बाहेरून किल्लीनं लागणारं जाडजूड कुलूप बसवलं. किल्ल्या दोन. त्यातली एक भिंगरीनं लगेच संडासात टाकली.

"उद्या दुसरी करून आणतो," भाऊ म्हणाला.

अख्ख्या गावाला उभ्या उभ्या किल्ल्या करून देणाऱ्याचा तो उद्या काही उजाडेना. हा कामावर निघाला की बाहेरून कुलूप. भावजयीनं फोन केला की उत्तर ठरलेलं, "दुकानात गर्दी आहे, आल्यावर बघू." कोथिंबीर हवी असली तरी ती खिडकीतून शेजारणीला हाक मारायची. मी त्याला दोनदा झापलं. पण पालथ्या घड्यावर पाणी!

उन्हाळा आला तशी भावजयीनं सरळ सांगितलं, "तळ्याकाठी तंबूत राहायला जायचं. उघड्यावर. नाहीतर मी पोरीला घेऊन आईकडे चालले, आणि परत कधी येणार ते विचारायचं नाही." वर अट घातली की हत्यारांची पेटी घरी ठेवायची. मला म्हणाली, "वन्सं, तुम्हीही चला." मी गेले. तंबू मात्र वेगळा घेतला, कारण भावाच्या घोरण्याशी माझं लहानपणापासून वैर आहे.

तळ्यावर पोचल्यापासून त्याचा जीव टांगणीला. भाड्याच्या तंबूला दार म्हणून एक चेन होती. त्यानं ती तीनतीनदा ओढून पाहिली.

"ह्याला कुलूप कुठेय?"

तंबूवाला म्हणाला, "साहेब, हा तंबू आहे."

भिंगरी चहा उकळेपर्यंत चेन उघडायला शिकली आणि भावाचा चेहरा साफ उतरला. ब्रेड, उकडलेली अंडी आणि बरीचशी माती खाऊन ती झोपली. मग त्यानं खिशातून प्रवासी बॅगेचं चिमुकलं कुलूप काढलं, चेनीची दोन टोकं आतून त्यात अडकवली आणि किल्ली उशीखाली सारली. पेटी घरी राहिली होती, पण खोड बरोबर आली होती. भावजय त्याच्याकडे बघत राहिली. तेव्हाच मला धास्ती वाटली, उद्या ही सामान बांधणार.

सकाळी मी चहाचं आधण ठेवतेय, तोच त्यांच्या तंबूतून भावाचा आवाज.

"किल्ली कुठेय? अगं, इथेच ठेवली होती!"

मी जाळीच्या खिडकीतून आत पाहिलं. भिंगरी गाढ झोपलेली. भाऊ गुडघ्यांवर रांगत उशा उपसत होता. त्याच्या पाठीमागे भावजय मांडी घालून बसली होती, आणि किल्ली तिच्या तळहातावर. तिनं माझ्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं.

"ताई, तंबूवाल्याला बोलाव! नको, थांब, गावभर हसं होईल. तुझ्या केसांतला आकडा दे, जाळीच्या फटीतून सरकव!"

माझ्या डोक्यात चार आकडे होते. "आज केस मोकळे सोडलेत बाबा," मी म्हटलं.

"फाडू का कापड?"

"भरपाई कोण देणार?"

तो घामाघूम झाला. "माझा जीव कोंडतोय गं," बायकोला म्हणाला.

"खिडकी आहे की," ती म्हणाली. "हाक मारा कुणाला तरी. मी मारते तशी."

"चेष्टा सुचतेय तुला? मला बाहेर जायचंय!"

"बसा जरा. मी थंडीपासून बसलेय."

तो वळला आणि त्याला किल्ली दिसली. मला वाटलं, आता भडकणार. पण तो मटकन खाली बसला.

"ती रस्त्यावर होती गं," तो म्हणाला. "डोळे मिटले की मला तो ट्रकच दिसतो."

"मलाही दिसतो," ती म्हणाली. "दिवसभर. एकटीला, बंद घरात."

तिनं किल्ली त्याच्या हातात ठेवली. काय सांगू, गावातलं प्रत्येक कुलूप उघडणाऱ्या त्या माणसाला बोटभर कुलपाचं भोक सापडेना. शेवटी तिनं त्याचं मनगट धरलं, तेव्हा कुठे चेन उघडली. भिंगरी जागी झाली आणि बाणासारखी बाहेर सुटली. भाऊ मागे धावला, तंबूच्या दोरीत अडकून तोंडघशी पडला, आणि पोरगी परत येऊन त्याच्या पाठीवर चढून बसली.

गावी परतल्यावर तो आधी दुकानात गेला, मग घरी. भावजय आईकडे गेली नाही.

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले, तर दाराला आतून तेच जाडजूड कुलूप! माझं डोकंच फिरलं. भावजयीनं कमरेची किल्ली काढून दार उघडलं, मला आत घेतलं आणि पुन्हा लावलं.

"अगं, आता तूच?"

"पोरीच्या पायाला भिंगरी आहे, वन्सं. कुलूप मला कधीच जड नव्हतं. किल्ली हवी होती."

तेवढ्यात बेल वाजली. बाहेरून भाऊ ओरडला, "अगं उघड, माझी किल्ली दुकानात राहिली!"

"हातात काम आहे," ती म्हणाली, आणि सावकाश माझा चहा गाळायला लागली.