उरलासुरला सूर

तिघांनी मिळून गायचं तर चाल एकाकडे जाते, वरचा सूर दुसऱ्याकडे, आणि मग जे काही उरेल ते तिसऱ्याच्या गळ्यात पडतं. आमच्या बँडमधलं हे उरलंसुरलं एकतीस वर्षं ओलेटा गात आली. तो सूर नुसता ऐकून गाणं कुठलं ते सांगता येत नाही. ओलेटा नाताळच्या झाडांच्या मळ्यात कामाला आहे. जुलैत हातभर लांब सुरा घेऊन झाडांना आकार देताना ती गुणगुणत असते, आणि शेजारच्या ओळीतल्या बायका गाणं ओळखायचा खेळ खेळतात. अजून एकीलाही जमलेलं नाही.

मी डॉयल, बँजो वाजवतो. माझा आवाज असा आहे की मला मायक्रोफोनपासून दोन हात लांब उभं करतात, आणि ते योग्यच आहे. मायक्रोफोन सगळ्यांत मिळून एक. मधोमध कार्लिन, ओलेटाचा थोरला भाऊ. गिटार त्याची, चाल त्याची, हुकूमही त्याचाच. त्याच्या उजव्या हाताला त्याची मुलगी टेस, फिडल घेऊन. डाव्या हाताला, अर्धं पाऊल मागे, ओलेटा, स्वतःपेक्षा उंच, खर्जाच्या तारांचा बास कवेत धरून. टेस मोठी झाल्यावर तिनं पायानं बडवायचा ढोल आणला, स्वतःची गाणी आणली, रॉकचा धिंगाणा आणला. कार्लिन महिनाभर कुरकुरला आणि मग सगळ्यांत जोरात तोच वाजवायला लागला.

सराव दर गुरुवारी त्याच्या स्वयंपाकघरात. गाणं मध्येच थांबवून, मानही न वळवता तो म्हणायचा, "बेसूर."

"कोण?" ओलेटा विचारायची.

"तूच. दुसरं कोण असणार?"

ओलेटा कधी उलट बोलली नाही. ती फक्त त्याच्या बशीतली सफरचंदाची तळलेली करंजी उचलून खायची.

फेब्रुवारीत कार्लिनच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. उजवा हात गेला, बोलणं गेलं. एकच शब्द शिल्लक राहिला. कॉफी हवी असली की बेसूर. उशी सरकव, बेसूर. ओलेटानं त्याला आपल्या घरी आणलं होतं, तिथं मी भेटायला गेलो. त्यानं डावा हात उचलला, त्याचे डोळे भरून आले, आणि तो म्हणाला, "बेसूर."

मी म्हटलं, "तूही बरा दिसतोस."

एप्रिलमध्ये एका दुपारी आम्ही ओलेटाच्या ओसरीवर शेंगा सोलत बसलो होतो. टेसच्या मनात काहीतरी होतं, कारण ती सालंच पातेल्यात टाकत होती.

"आत्या, नॉक्सव्हिल शहरातल्या एका बँडनं बोलावलंय. त्यांना फिडल हवंय."

"मग?"

"मग काय? बाबांच्या गाण्यांशिवाय आपल्याकडे उरतं काय? आणि मला ती म्हणवत नाहीत. पहिल्याच ओळीला गळा भरून येतो."

"डॉयल म्हणेल."

"थट्टा नको, आत्या."

मी तिथंच बसलो होतो.

"तू म्हण," टेस म्हणाली. "मेमध्ये आगीच्या बंबवाल्यांचं वार्षिक जेवण आहे. भोंग्याचं गाणं, तेवढं एकच. तू म्हटलंस तर मी त्यांना नाही कळवते. नाहीतर मला जायला हवं. इथं नुसतं बसून बाबांकडे बघणं मला जमत नाही."

ओलेटानं पातेल्यातली सालं एकेक करून काढली. "बघते," ती म्हणाली.

भोंग्याचं गाणं कार्लिननं फर्निचरचा कारखाना बंद पडला त्या आठवड्यात रचलेलं. आमच्या खोऱ्यात ते लहानथोर सगळ्यांना पाठ आहे. फक्त ओलेटाला नव्हतं. मी बँजोवर चाल वाजवून द्यायचो, ती तीन शब्द नीट म्हणायची आणि चौथ्याला घसरून आपल्या जुन्या जागी जायची.

"अगं, एकतीस वर्षं ऐकतेयस," मी वैतागून म्हटलं.

"ऐकत कुठे होते? त्याच्या खाली राहत होते. त्याची चाल म्हणजे माझं छप्पर. छपरावर मी कधी चढलेच नाही रे."

तिसऱ्या आठवड्यात एकदाची ती चढली. बँजो सोबत असला की जमायला लागलं.

जेवण शनिवारी भर दुपारी होतं. आवारात कोंबड्या भाजत होत्या, पुढच्या रांगेत चाकाच्या खुर्चीत कार्लिन, मांडीवर बशी, बशीत सफरचंदाची करंजी. टेसनं फिडल सुरू केलं. ओलेटानं आता मध्ये यायचं, असं ठरलं होतं. ती आली आणि सवयीनं डावीकडे उभी राहिली, अर्धं पाऊल मागे. मधली जागा रिकामी. मी चाल वाजवून द्यायची होती, पण त्या रिकाम्या जागेकडे बघताना माझी बोटं थांबली. चूक माझी, मी नाकारत नाही.

ओलेटानं तोंड उघडलं आणि उरलंसुरलं बाहेर आलं. ओळखीच्या शब्दांना अनोळखी सूर. कोंबड्या भाजणारा माणूस चिमटा तसाच धरून बघत राहिला. टेसचा चेहरा पांढरा पडला. दुसऱ्या ओळीला ओलेटालाही कळलं, पण तिथून छपरावर जायचा जिना तिला सापडेना. तिनं डोळे मिटले आणि गात राहिली. मला तिची इतकी दया आली की मी बुटांकडे बघायला लागलो. टेस गेली, बँड संपला, हेच डोक्यात.

तेवढ्यात समोरून घोगरा आवाज आला. "आज भोंगा वाजला नाही." एकेक शब्द पुरा. कार्लिननं हनुवटी वर केली होती आणि तो चाल म्हणत होता, जिथं असायला हवी तिथं, ओलेटाच्या बरोबर वर.

डॉक्टर नंतर म्हणाले, गाणं मेंदूच्या वेगळ्या कोपऱ्यात असतं. असेल. मला वाटतं, बहिणीचा सूर उघड्यावर पडलेला त्याला बघवला नाही. तीन कडवी तो म्हणाला, एक शब्द चुकला नाही. दुसऱ्या कडव्याला टेसनं वरचा सूर धरला. ती रडत होती, पण गळा चालला. आणि माझी बोटंही.

गाणं संपल्यावर टेस मंचावरून उतरून त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली. "बाबा, बोल ना काहीतरी."

कार्लिननं ओठ हलवले. मानेची शीर फुगेपर्यंत धडपडला. मग ओलेटाकडे बघून म्हणाला, "बेसूर."

टेसचा चेहरा उतरला. ओलेटानं बास आडवा ठेवला आणि हात पुसत जवळ आली.

"बरोबर आहे त्याचं," ती म्हणाली. "शेवटच्या कडव्यात मी सुरातून उतरले होते."

टेसनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "मग गुरुवारी परत घेऊ," ती म्हणाली.

ओलेटानं त्याच्या बशीतली करंजी उचलली.