कोऱ्या खोक्यांची रद्दी

गोवर्धन रद्दीवाला जुन्या शहरात कुणालाच आवडत नाही. मोर्णा नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत त्याचा काटा, आणि काट्यामागे वाकडं तोंड करून तो. गल्लीतल्या उत्तमरावांनी नवा ट्रक आणला तेव्हा सगळे पेढे खात होते. हा म्हणाला, "पयले बडनेऱ्याले जाऊन पाहा, मालगाड्या किती रिकाम्या उभ्या हायेत. मंग हार घाला." पुढे ट्रक खरंच भाड्याविना उभा राहिला. गल्लीने राग गोवर्धनवर धरला.

मंदी आधी आपल्या काट्यावर येते, मग पेपरात, असं तो म्हणतो. मी अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाले. चौथी शिकलेल्याने मला मंदी शिकवावी?

माझी लेक रागिणी पातूरच्या शाळेत कायम कारकून आहे. अमरावतीच्या एका कारखान्यात तिला दुप्पट पगाराची नोकरी मिळाली. तिथले शर्ट परदेशात जातात. सोमवारी ती शाळेत राजीनामा देणार, हे गल्लीभर झालं होतं. शनिवारी मी पेपरची रद्दी घेऊन गोवर्धनकडे गेले.

"पोरीले राजीनामा देऊ नका देऊ, वयनी."

"जीभ आवरा! लेकीचं चांगलं पाहवत नाही तुम्हाला?"

"मले नका पाहू. हे पाहा." त्याने पायाने एक गठ्ठा पुढे ढकलला. पुठ्ठ्याची कोरी, चपटी खोकी, एकदाही न उघडलेली. वर त्याच कारखान्याचं नाव. "वापरलेलं खोकं रद्दीत येते. कोरं काहून आलं? तुमी शिकलेल्या, सांगा."

मी वाकून कारखान्याचं नाव पुन्हा वाचलं.

"तिकडं परदेशात बँकायनं व्याज वाढवलं. लोकायचे घराचे हप्ते वाढले, तं मानूस जुनाच शर्ट घालते. दुकानात माल पडून राह्यला का दुकानदार ऑर्डर तोडते. शर्ट नाही तं खोकं काय कराचं? कारखाना मले इकते. मंग शिफ्ट बंद, मंग पोरं घरी, मंग इथचा किरानेवालाही माश्या मारते."

"छपाई बदलली असेल. म्हणून जुनी विकली."

"हो, तसंच लिहा. मार्क भेटतीन."

काट्याजवळचे दोघे हसले. मी गठ्ठ्यातलं एक खोकं ओढलं आणि तडक घरी निघाले.

"आई, एका रद्दीवाल्याचं ऐकून?" रागिणी ओरडली. मीही ओरडले. शेवटी मला खोटं पाडायला तिने कारखान्यातल्या शिवमला फोन लावला. मुलाखतीत त्याची ओळख झाली होती. सगळं छान आहे, तो म्हणाला. दुसऱ्या शिफ्टचं विचारल्यावर मात्र त्याने आवाज खाली केला. "ती पंधरा दिवसांपासून बंद आहे. माझं नाव सांगू नको."

रागिणीने राजीनामा फाडला नाही, पुस्तकात ठेवला. सोमवारी पातूरची बस धरली. माझ्याशी बोलली नाही. पुढे तो कारखाना नीट चालला तर ती मला जन्मभर सुनावेल, हे मला कळतं.

मंगळवारी गोवर्धन दारात. "खोकं?"

"कसलं खोकं?"

"गठ्ठ्यात एक कमी भरून राह्यलं. पोरीची नोकरी वाचली म्हनून ते फुकट नाही होत, वयनी."

मी ते त्याच्या पायाशी भिरकावलं. त्याने उचलून कोपरे पाहिले. "मोडलं नं!" म्हणाला, आणि काखेत मारून चालता झाला.