पाखाडीवरची मोजणी

रत्नागिरीहून पावसला जाताना उतारावर आमची वाडी. रस्ता वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, घरं खाली, आणि मध्ये जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी. ती ज्याने बांधली त्याचं माणसाच्या गुडघ्यांशी जुनं वैर असावं. पीठ, गॅसचा सिलिंडर, नवी नवरी, सगळं तिच्यावरूनच खाली यायचं. त्यामुळे वाडीत पोट असं कुणाला नव्हतंच. पोटऱ्या मात्र एकेकाच्या नारळाएवढ्या. आमच्या काकू डोक्यावर ओझं घेऊन चढता चढता भांडण सुरू करायच्या आणि वर पोचेपर्यंत जिंकायच्या. एकदा भर दुपारी चोर आला, भांडी घेऊन पळाला आणि अर्ध्या पाखाडीत धाप लागून बसला. काकूंनी त्याला पाणी दिलं, त्याने चोरलेल्याच तांब्यातून.

मग दोन हजार सालच्या आसपास डांबरी रस्ता थेट अंगणापर्यंत आला. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि त्यानंतर पाखाडीवर फक्त सरडे चढू लागले. काका तर शेजारच्या अण्णांकडे सत्यनारायणाच्या प्रसादालाही रिक्षाने गेले. रिक्षा वळवायला जेवढं लांब जावं लागलं, तेवढ्यात दोनदा प्रसाद खाऊन झाला असता. वर्षा-दोन वर्षांत पोटं अशी सुटली की पूर्णगडच्या होड्यांना किनाऱ्यावर नवे डोंगर दिसायला लागले.

काकांना साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, "चाला. मे संपेपर्यंत उतरली नाही तर इंजेक्शन. रोज. पोटात."

आमचे काका बिबट्याला "हाड्" म्हणालेले गृहस्थ. पण सुईचं नाव काढलं की ते देवघराच्या दिशेने बघायचे.

चालायचं कुठे? नव्या रस्त्याला एका हाताला गटार, दुसऱ्या हाताला दरड, आणि मधून चिऱ्यांचे ट्रक. रस्ता करणाऱ्यांनी चाकांचा सगळा विचार केला होता, पायांचा तेवढा राहून गेला. शिवाय आमची माणसं! घरासमोरून जाणाऱ्याला "कुठे निघालात?" विचारणं हा आमचा धर्म, आणि धड उत्तर देणं हा जाणाऱ्याचा. दळण, पोस्ट, कोर्ट, मयत, काहीही चालतं. "उगीच चालतोय" चालत नाही. रिकाम्या हाताने उगीच चालणारा माणूस एक तर बिघडलेला, नाहीतर काहीतरी बिघडवायला निघालेला.

म्हणून काकांनी ओस पडलेली पाखाडी धरली. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे लांब, सारखी पावलं. थांबायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत. निसटलेल्या दगडांवर नजर, आणि ताल चुकू नये म्हणून तोंडाने "एक-दोन, एक-दोन."

पाखाडीला लागूनच गडगा, म्हणजे अण्णांच्या आणि आमच्या आवारांमधली दगडांची भिंत. तिच्यापलीकडून अण्णा दात घासता घासता म्हणाले, "काय हो, कुठे दौरा?"

काकांची नजर पायऱ्यांवर. एक-दोन, एक-दोन.

अण्णांचा ब्रश तोंडातच राहिला. हद्दीवरून दोन्ही घरांत आजोबांपासून धुसफूस. आणि हा माणूस खाली मान घालून, गडग्याच्या कडेने पावलं मोजत चाललाय, वर विचारलं तर सांगत नाही!

संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं, काका जमिनीची मोजणी आणणार.

दुसऱ्या सकाळी काकांच्या मागे काठी घेऊन अण्णा. "माझ्या कलमाला पाय लावलात तर बघा!"

"एक-दोन."

मग अण्णांवर लक्ष ठेवायला त्यांचा चुलतभाऊ, कारण त्यांच्यातही वाटणी व्हायची होती. त्याच्यावर लक्ष ठेवायला त्याची वहिनी. बघता बघता अख्खी वाडी सकाळी पाखाडीवर रांगेने, प्रत्येकाची नजर पुढच्याच्या पायांवर. कुणाला लपायला जागा नको म्हणून दोन्ही बाजूंचं रान तोडलं. कुणी दगड सरकवून हद्द हलवू नये म्हणून निसटलेल्या पायऱ्या सिमेंटने पक्क्या केल्या. सरकारी योजनेला सात पिढ्या लागल्या असत्या ते काम संशयाने एका उन्हाळ्यात केलं.

एक दिवस काकांनी कंटाळून अंगावर चादर ओढून घेतली. लगेच अण्णा दारात. "का हो, आज मोजणी नाही? काय शिजतंय?" काका उठले.

मे सरला. रिपोर्ट आला. साखर उतरली होती, सुई टळली होती. काकांना भरून आलं.

"अण्णांना सांगून टाकतो. बिचारा जमिनीच्या काळजीने रोज धावतोय."

"गप बसा," काकू म्हणाल्या. "सांगितलंत की तो घरी बसेल. मग तुम्हाला चादरीतून कोण काढणार? मी? मला पोळ्या आहेत."

दुसऱ्या सकाळी काका निघाले, ते हातात सुताराची टेप घेऊन. ती बघून अण्णा असे धावले की त्यांची काठीच मागे राहिली. वर सड्यावर दोघे एकदमच पोचले. धाप कुणालाच नव्हती.

"चालवून चालवून जीव काढलात," अण्णा म्हणाले. "परवा डॉक्टरने माझी बीपीची गोळी अर्धी केली. पण हद्दीतलं बोटभर सोडणार नाही, सांगून ठेवतो."

"उद्या पार खालच्या विहिरीपर्यंत मोजणार आहे."

"मोजा की," अण्णा म्हणाले. "पण वेळेवर या. काल तुमच्यासाठी ताटकळलो मी गडग्यापाशी."